अर्धा कोला

फेलेता, १४ नोव्हेंबर २००७

नोवाई,

नऊ वर्षांनी पत्र पाठवलंस आणि पहिल्याच ओळीत काम सांगितलंस. ‘आई कशी आहे’ हे तिसऱ्या ओळीत. असू दे. पत्र घेऊन आलेला तुझा तो मिनेसोटाचा माणूस माझ्या खाणावळीत बसला, कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि भात दोनदा मागून जेवला आणि मग म्हणाला, "तुमची बहीण तिकडे म्हाताऱ्या गोऱ्या लोकांना आंघोळी घालते." मी म्हटलं, "इथे एक म्हातारी आहे, तिला मी घालते." तो हसला. मी हसले नाही.

आई बरी आहे. डोळे पाच वर्षांपूर्वीच गेले, बाकी खणखणीत. दात शाबूत, जीभ त्याहून शाबूत. दिवसभर दाराशी बसून पावलांवरून माणसं ओळखते. संध्याकाळी मी भांडी घासून आत आले की रोज एकच विचारते, "कोर्तो, काही सांगायचंय का?" मी म्हणते, "काय सांगू, आई? भात संपला, मासे उरले." मग ती झोपते. म्हातारपण, दुसरं काय!

घरावर नवे पत्रे चढवलेत, अठरा. चर्चची कृपा. आता पावसात घरभर भांडी मांडून बसावं लागत नाही.

आता तुझं काम. सरकारने आयोग बसवलाय, लढाईत कुणी काय केलं ते लोकांकडून लिहून घेतायत, अमेरिकेतल्या आपल्या माणसांकडूनसुद्धा, आणि तू जाऊन आपल्या तोक्पाचं सगळं सांगून आलीस. एकोणीस वर्षांचा आपला भाऊ लढणाऱ्यांनी रस्त्यावर केलेल्या गेटवर, आडव्या बांधलेल्या दोरीपाशी उभा होता, जनरल संडेने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि त्याच्या बंदूकवाल्या पोरांनी त्याला झाडीत नेलं, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. मी पाहिलं नाही. मी तुम्हा दोघांना मीठ आणायला पाठवलं होतं. संध्याकाळी तू एकटीच परत आलीस, मिठाशिवाय. त्यावरून तू मला जे बोललीस ते मला पाठ आहे, पुन्हा लिहायची काही गरज नव्हती. मी संडेच्या पोरांना नंतर भात रांधून घातला हेही खरं आहे. आईला घेऊन गिनीपर्यंत चालत जाता येत नव्हतं, बाई. तू गेलीस. आम्ही राहिलो. राहणाऱ्याला रांधावं लागतं.

आयोग आपल्या जिल्ह्यात आला की मी आईला घेऊन जायचं आणि दोघींनी त्याचं नाव घ्यायचं, असं तुझं म्हणणं. ‘तो माणूस आता कुठे असतो?’ असंही विचारलंयस. बाई गं! तो कुठे नसतो ते विचार. जनरल संडे आता ऑनरेबल इनॉक केरकुला झालाय, सेनेटर. दवाखान्याच्या भिंतीवर त्याचा फोटो, शाळेच्या वह्यांवर त्याचा फोटो, हातपंपावर त्याचं नाव. नदीकाठची बाबांची जमीन त्याच्या रबराच्या मळ्यात गेली. तोक्पा जन्मला तेव्हा त्याची नाळ पुरून वर लावलेलं कोलाचं झाड त्याने तेवढं तोडलं नाही म्हणतात. कसं तोडेल? या सगळ्या बाजूला पांढरा कोला देणारं ते एकच झाड, बाकी सगळी लाल; बाजारात बाहेरून येतो तो पांढरा मोठा आणि सरळ असतो. आठवतं ना, कुणाचं लग्न असो की कुणाचं भांडण मिटवायचं असो, लोक आईच्या दारात यायचे, आणि आई त्या बारक्या, वाकड्या टोकाच्या बिया ओंजळीने द्यायची.

तुझ्या मुलांना कोला म्हणजे बाटलीतलं काळं पाणी वाटत असेल. सांग त्यांना, ते कडू बी असतं, ते चावून वर पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं. हेही सांग, की ज्याने आपलं वाईट केलं त्याच्या हातचा पांढरा कोला आपण खाल्ला की तो विषय तिथे संपला. मग आपल्या घराने तो पुन्हा तोंडातून काढायचा नाही. सरकारच्या कागदापेक्षा आपल्याकडे ते पक्कं.

आयोगाचं बघते. वडीलधाऱ्यांना विचारते.

कोर्तो

फेलेता, ३ फेब्रुवारी २००८

नोवाई,

जमणार नाही.

तुला कळवायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे काय, तुझा पत्ताच कुठे होता माझ्याकडे! दोन हजार पाचच्या निवडणुकीआधी संडे गावोगाव फिरत होता. आपल्याकडेही आला. ताटलीत चार पांढरे कोला, आईसाठी एक झगा, मागे सगळं गाव. आईला दिसत नाही. कोण आलंय हे तिला कळलं नाही. कुणीतरी हातात दिला, तिने खाल्ला. म्हाताऱ्या बाईची चूक झाली. पण झाली ती झाली.

तरीही मी पापे गोवोकडे गेले. पापे आता गावाचा सगळ्यात वडीलधारा आहे, पाठ वाकलीय, पण भांडणं अजून तोच मिटवतो. त्याला म्हटलं, "पापे, आयोग येतोय. आम्ही मायलेकी जाऊ का?"

"कशाला?"

"तोक्पासाठी."

त्याने पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढली, पुन्हा पुसली. "तुझ्या आईने त्याचा कोला खाल्ला. मी तिथेच होतो. मलाही त्यातला तुकडा मिळाला."

"तिला दिसत नाही, पापे! कुणाच्या हातचा खातेय तेच तिला माहीत नव्हतं."

"खाल्ला म्हणजे खाल्ला. आता तुमच्या घराने तोंड उघडलं तर उद्या या गावात कुणी कुणाशी समेटाला बसेल का? नवरा-बायको बसतील का? भाऊ-भाऊ बसतील का? कोर्तो, घरी जा. भात लाव."

लावतेय भात. दुसरं काय करणार? तू तिकडे लांब बसून ‘धीर धर, उभी राहा’ असं लिहितेस. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, बाई. इथे रस्त्याचं काम चालू आहे, आणि त्या कामाची पोरं माझ्याकडेच जेवतात. काम त्याचं आहे.

तू आपलं तिकडे सांगितलंस, चांगलं केलंस. आमचं धरू नकोस.

कोर्तो

फेलेता, २२ जून २००८

नोवाई,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. ‘आई आंधळी आहे. तू?’

मी ते चुलीत घातलं. मग दोन दिवस तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. तांदूळ निवडताना दिल्या, मिरच्या वाटताना दिल्या. नाकाने कांदे सोलणारी, थंडीत हातमोजे घालून बसलेली, आईच्या अंगावरून एकदाही हात न फिरवलेली, असं बरंच काही. तिसऱ्या दिवशी शिव्या संपल्या. आता लिहिते.

मला दिसत होतं.

तो आदल्या दिवशी खाणावळीत आला होता, एकटा. पांढरा शर्ट, बोटात अंगठी. बाकावर बसला आणि म्हणाला, "सिस्टर कोर्तो, तुमच्या हातच्या पामच्या रश्श्याचं नाव मी राजधानीत ऐकलं." मी वाढलं. तो नीट जेवला, बोटं चाटून. मग वर छपराकडे बघत म्हणाला, "गळतं वाटतं?"

मी म्हटलं, "गळतं."

"घरीही?"

"घरी जास्त."

"अरेरे. आणि ओल्ड मा आंधळी. उद्या येतो मी तिला भेटायला. तिने माझा कोला घेतला की या घरावर पाणी पडणार नाही, हा माझा शब्द."

तोक्पाचं नाव त्याने काढलं नाही. मीही नाही. दोघंही अळीमिळी गुपचिळी. पण तो कशाचा कोला आणणार होता हे त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. नोवाई, त्या साली पावसाने आईचं अंथरूण चार वेळा भिजवलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगते.

दुसऱ्या दिवशी तो आला. सगळं गाव अंगणात. आईने विचारलं, "कोण आलंय?" मी म्हटलं, "सरकारचा माणूस आहे, आई. मतं मागतोय." त्याने ताटली पुढे केली. मी त्यातलं एक बी उचललं, आईचा हात हातात घेतला आणि तिच्या तळव्यावर ठेवलं. कुणीतरी नव्हे. मी.

आईने दाताने बी फोडलं आणि चावत बसली. फार वेळ चावत होती. मग पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, "पाणी गोड लागतंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो गुडघ्यावर बसला, आईचे पाय धरले, म्हणाला, "ओल्ड मा, आजपासून मी तुझा मुलगा." आई त्याच्याशी काही बोलली नाही. माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "कोर्तो, काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "नाही, आई."

आठवड्याने अठरा पत्रे आले. चर्चने नाही दिले.

आणि आता सगळं सांगतेच आहे तर हेही ऐक. आयोग जिल्ह्याच्या गावी येऊन गेला. मी गेले होते. तीन पातेली घेऊन गेले होते. सभागृहाबाहेर झाडाखाली बसून आयोगाच्या ड्रायव्हरांना भात विकला. आतून लाउडस्पीकरवर आवाज येत होता, लोक नावं घेत होते. दुपारी एक बाई सांगून बाहेर आली. माझ्याकडून भात घेतला आणि ताट मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने मला विचारलं, "तुमचं झालं सांगून?"

मी म्हटलं, "माझं काही नाही. मी भात विकते."

तिचं ताट मी तसंच परत घेतलं. पुढे कुणाला वाढलं नाही, सांडून दिलं.

आता घाल मलाही चुलीत.

कोर्तो

फेलेता, १० जानेवारी २०१०

नोवाई,

दीड वर्षात तुझं एक अक्षर नाही. बरोबर आहे तुझं. तरी लिहिते, कारण आईचं काही खरं नाही. खाणं चिमणीएवढं झालंय. पायांना सूज. तुझ्या माणसाकडे खाणावळीशेजारच्या दुकानाचा फोन नंबर पाठवला होता, तो मिळाला का? आई आवाज ओळखेल. चार शब्द बोल. माझ्याशी नको बोलूस.

आयोगाचा अहवाल आला ते तुला कळलं असेलच. त्यात नावं होती. ऑनरेबलचंही होतं. दुकानातल्या मुलाने रेडिओचा आवाज मोठा केला आणि ते नाव आलं. मासेवाल्या बाईने हातातला सुरा खाली ठेवला. दोन आठवडे तो दिसला नाही. लोक कुजबुजायला लागले, पळाला, पकडला, विमानात बसला. मलासुद्धा वाटलं, नोवाई. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसांत नीट जेवले.

मग तो आला. तीन गाड्या घेऊन आला. देवाचे आभार मानायला गाय कापली आणि सगळ्या गावाला जेवण दिलं. रांधायला मला बोलावलं. भाषणात म्हणाला, "कागद आला, कागद गेला. मी इथेच आहे." लोक हसले. खदखदून हसले. त्यात ज्यांची माणसं गेली तेही होते.

मी रांधलं.

आता सगळं त्याच्या हातात आहे. पोलीस ठाण्यात बसलेला कमांडर कोण, तर त्या वेळी गेटवर दोरी धरणारा. गेल्या महिन्यात पापे गोवोच्या पुतण्याची ओढ्यापलीकडची जमीन मळ्यात गेली. पुतण्या तक्रार द्यायला गेला, तर कमांडर म्हणाला, "लिहून घेतो, पण पेन तू आण." पेन घेऊन गेला तर म्हणाला, "शाई निळी आहे, काळी लागते." शेवटी तो पोरगा राजधानीत निघून गेला.

शाळा सुटली की पोरं रस्त्यावर गेट-गेट खेळतात. दोन पोरं वेल आडवा धरतात आणि एक दगडावर बसून बोट दाखवतो. मधल्या सुट्टीत भांडणं कशावरून, तर आज संडे कोण होणार. मी झाडू घेऊन धावले त्यांच्या अंगावर. शाळेच्या बाई मला म्हणाल्या, "पोरं आहेत, ओल्ड मा, खेळू द्या." आता मलाही ओल्ड मा म्हणतात, बघ.

आई अजून रोज विचारते. आवाज उरला नाही, नुसते ओठ हलतात, पण मला कळतं काय विचारते ते. मी म्हणते, "काही नाही, आई. झोप."

फोन कर.

कोर्तो

फेलेता, १९ एप्रिल २०१०

नोवाई,

आई गेली. ६ तारखेला, दुपारी, दाराशी बसलेली असताना. तुझा फोन ८ तारखेला आला. दुकानवाल्याने सांगितलं, तुमच्या अमेरिकेच्या बहिणीचा होता, ती रडत होती. मी तेव्हा स्मशानात होते. का होते आणि तिथे काय झालं, ते आता सविस्तर लिहिते. हे पत्र जपून ठेव.

तिला धुवायला शेजारच्या दोघी आल्या होत्या. कमरेभोवती गुंडाळलेल्या लाप्याचं कापड सोडताना त्याच्या कोपऱ्यात एक गाठ लागली. सगळ्याच म्हाताऱ्या बांधतात तशी. मला वाटलं, नाणी असतील. नखांनी सुटेना इतकी जुनी गाठ, दाताने सोडवली. आत कोलाचा अर्धा तुकडा होता. वाळून लाकूड झालेला. त्याचं टोक वाकडं होतं.

मी तिथेच बसले. शेजारीण म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "गुडघा."

नोवाई, तिने अर्धाच खाल्ला होता. अर्धा दातांनी तोडून मुठीत ठेवला होता, सगळ्या गावासमोर, आणि मला दिसत असून दिसलं नाही. पाच वर्षं प्रत्येक लापा बदलताना तिने ती गाठ नव्या लापात बांधली असणार. मीच तर तिचे लापे धुवायचे. ती आधी गाठ सोडून घेत असेल.

तिला पहिल्या घासालाच कळलं होतं. आयुष्यभर ज्या झाडाचे कोला तिने गावाला ओंजळीने वाटले, तिच्या मुलाची नाळ ज्याच्या मुळाशी आहे, त्या झाडाची चव तिला कळणार नाही? ते झाड कुणाच्या कुंपणात आहे हे तिला माहीत होतं. म्हणजे समोर कोण बसलंय हेही तिला माहीत होतं. आणि तिच्या तळव्यावर बी ठेवणारा हात कुणाचा, हे तर आंधळ्यालाही कळतं.

म्हणून ती विचारत होती. त्या दिवसापासून रोज. भात संपला की मासे उरले हे नव्हतं तिला ऐकायचं. मी तोंडाने सांगेन याची ती वाट बघत होती, पाच वर्षं. आणि माझ्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये म्हणून स्वतः गप्प होती. मी तिला म्हातारचळ समजले.

आणि शेवटचं. मीही ओळखलं होतं. ताटलीतल्या त्या चारही बिया बारक्या आणि वाकड्या टोकाच्या होत्या. त्याला पांढरा कोला हवा होता, माणसाला पाठवलं, माणसाने कुंपणातलं जवळचं झाड झोडपलं. मालकाला आपण काय घेऊन चाललोय याचा पत्ताही नव्हता. तोक्पाच्या झाडाचा कोला देऊन तो तोक्पाचा विषय मिटवत होता. मी बघितलं, ओळखलं आणि आईच्या हातात ठेवलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

माती देताना तो आला. काळा कोट, हातात आईवर घालायचं कापड, मागे माणसं. प्रेत खाली सोडण्याआधी विचारतात ना, तसं पापे गोवोने विचारलं, "हिचं कुणाशी काही वाकडं राहिलंय का? कुणाचं हिच्याशी?" पहिल्यांदा कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "राहिलंय."

नोवाई, तुला वाटेल मी मोठी शूर झाले. घाम कानामागून पाठीवर चालला होता.

मी म्हटलं, "आईचं ऑनरेबलशी राहिलंय. तोक्पाबद्दल."

त्याने हात जोडले, हसला. "सिस्टर, दुःखात आहेस. ओल्ड माने माझा कोला घेतला. सगळं गाव साक्षी आहे."

"तुमचा नव्हता तो." मी गाठीतला तुकडा पापेच्या हातावर ठेवला. "पापे, हा कुठल्या झाडाचा ते सांगा."

पापेने तो डोळ्यांजवळ नेला. मग सगळे वडीलधारे बाजूला गेले, डोकी एकत्र केली. आई तशीच चटईत, उन्हात. कुणीतरी तिच्यावर फांदी धरली. फार वेळ लागला. पापे परत आला तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं.

तो म्हणाला, "माझ्याही दाताखाली आला होता हा, त्या दिवशी. मला शंका आली होती. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय. चुकलो." मग तो आईच्या चटईकडे वळून बोलला, जिवंत माणसाशी बोलतात तसं. "बाई, ज्याच्यासाठी कोला द्यायचा त्याच्याच झाडाचा ओरबाडून आणला, तर तो दिलाच नाही. तू काही मिटवलेलं नाहीस. तुझं घर बोलू शकतं."

मी तिथेच, आईसमोर, सगळं बोलले. मीठ, गेट, दोरी, बोट. पत्रे. माझा हात. सगळं. पाच वर्षांचं एका दमात. फक्त ऐकणारी चटईत होती.

ऑनरेबल शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने हातातलं कापड घडी घालून आपल्या माणसाकडे दिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "बरं. उघडला विषय. आता कुठे नेणार?"

  नोवाई, त्याचा प्रश्न बरोबर होता. नेण्यासारखी जागाच नाही. आयोग उठून गेला, अहवाल कुठल्यातरी कपाटात आहे, ठाण्यात दोरीवाला बसलाय. आमच्याकडे बोलायची परवानगी आली आणि ऐकणारं कुणी उरलं नाही.

मग आम्ही आईला माती दिली.

कोर्तो

फेलेता, २० नोव्हेंबर २०११

नोवाई,

तुझं उत्तर आलं नाही. कदाचित पत्र पोचलं नसेल. पोचलं असेल तर उत्तर देण्यासारखं त्यात काय होतं?

तो पुन्हा निवडून आला. आधीपेक्षा जास्त मतांनी. मी मत दिलं नाही, रांगेत उभी राहून परत आले.

अठरा पत्रे मी काढले. आईच्या चाळिसाव्या दिवसाआधीच. दोन माणसं मिळेनात, म्हणून स्वतः शिडी लावून एकेक खिळा काढला आणि एकेक पत्रा डोक्यावर घेऊन त्याच्या फाटकाशी नेऊन ठेवला. अठरा फेऱ्या. पहारेकरी आधी हसत होते. सातव्या-आठव्या फेरीनंतर हसायचे थांबले. घरावर आता पामच्या झावळ्या आहेत. गळतं. मी भांडी मांडते.

रस्त्याची पोरं आता माझ्याकडे जेवत नाहीत. गावातलेही फारसे येत नाहीत. वाईट वागत नाहीत गं, नमस्कार करतात, पण बसत नाहीत. एका लहान पातेल्याएवढाच भात लावते. पापे गोवो रोज दुपारी येतो, ताट घेतो, बोलत नाही. परवा जाताना म्हणाला, "गेट-गेट खेळताना त्या पोरांना काल मी ओरडलो." एवढंच. बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. या पत्रासोबत कागदात गुंडाळून आईचा तो तुकडा पाठवतेय. इथे ठेवायची भीती वाटते. परवा कुणीतरी घरात उचकापाचक करून गेलं. चोरायला काही नव्हतं, त्यामुळे काय शोधत होते ते मला कळलं. हे घेऊन तिकडे येणाऱ्या बाईला मी वाळलेलं आलं म्हणून सांगितलंय. कुणी विचारलं तर ती तसंच सांगेल. तू कपाटात ठेव, कोरड्या जागी. तुझ्या मुलांना दाखव आणि कुणाच्या झाडाचा ते सांग. आज ना उद्या कुठल्यातरी देशातलं कुणीतरी हे विचारेल. तेव्हा तू असशील नाहीतर ती असतील.

आणि एक मागणं आहे. रागावू नकोस. तुझ्यावर माझा काही हक्क उरलेला नाही, तरी मागते. संध्याकाळी भांडी घासून आत आले की घर गप्प असतं. मी अजून उंबऱ्यात थांबते. कुणी काही विचारत नाही. इतकी वर्षं त्या प्रश्नाचा मला कंटाळा होता, आणि आता तो कानात यावा म्हणून मी दारात उभी राहते. वेडी झाले म्हण.

दुकानाचा नंबर तोच आहे. कधीतरी फोन कर. तब्येत विचारू नकोस, पाऊसपाणी विचारू नकोस, माफ केलं असंही म्हणू नकोस. फक्त तेवढं विचार, आई विचारायची ते. मी खरं सांगेन.

तुझी बहीण,
कोर्तो